शेवटचा लूम कोणाचा

शाहीनबीने बावीस वर्षं घरातला कापड विणायचा लूम चालवला. तिचा नवरा गुलाम हुसेन तेव्हा धामणकर नाक्यावर चहाच्या टपरीवर गप्पा छाटत बसायचा.

लूम विकला, गल्ली शांत झाली. आता मोबाइलवरचा प्रश्नोत्तरांचा खेळ खेळत पोरंपोरी जुनी घरं शोधत येतात. रविवारी एका मुलीने दारात थांबून वाचलं, "सहावा प्रश्न. या गल्लीतला शेवटचा लूम कोणी चालवला?"

"मी," शाहीनबी म्हणाली.

मुलीने तिचं नाव टाकलं. लाल फुली आली. मग ओट्यावर बसलेल्या गुलाम हुसेनने आपलं नाव सांगितलं. हिरवी खूण आली.

शाहीनबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेळ बनवणारा मागच्या वर्षी याच ओट्यावर बसून नवऱ्याकडून माहिती लिहून घेत होता. तिच्याकडे त्याने फक्त आणखी एक कप चहा मागितला होता.

तिने आतून धाग्याची जुनी कांडी आणली, धागा तोडला आणि दोन्ही टोकं नवऱ्यापुढे धरली. "लूमवर धागा तुटला की मारतात, तशी मारा गाठ."

त्याची गाठ ओढताच सुटली. तिने न बघता गाठ मारली आणि धागा मुलीच्या हातात दिला.

"ओढून बघ. मग परत टाक माझं नाव."