डिस्क वाचून दाखवणाऱ्या वहिनी

गणपतीच्या सुट्टीनंतर ऑफिसचा कॉम्प्युटर चालू केला, तर आतून टकटक आवाज यायला लागला. आधी वाटलं, पाल असेल. महाडजवळच्या नाते गावाच्या पुढच्या एका हायस्कूलमध्ये मी क्लार्क आहे आणि आमच्या ऑफिसात पालींना तोटा नाही. पण हा आवाज तालात होता. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. कान जवळ नेला तेव्हा कळलं की तो हार्ड डिस्कमधून येतोय.

त्या डिस्कवर शाळेचं जनरल रजिस्टर होतं. शाळा सुरू झाली तेव्हापासून नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ असते. नाव, जन्मतारीख, जात, कुठून आला, कधी सोडून गेला. कागदाच्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. पुठ्ठा उचलला की आतून माती पडायची. पुरती जायच्या आत मी दोन मे महिने बसून पानन् पान स्कॅन केलं होतं. आता मुंबईहून कुणी आजोबा जन्मतारखेचा दाखला मागायला आले, की मी त्या कॉम्प्युटरमधूनच पान काढून देत असे. दुसरी प्रत नव्हती. उद्या करू म्हणत राहिले.

मुख्याध्यापक सरांनी नवी डिस्क मागवली आणि म्हणाले, "पोलादपूरला एक गृहस्थ आहेत. महाडच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. हे काम त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. फक्त त्यांना दिसत नाही."

"म्हणजे नंबरचा चष्मा?"

"नाही. दिसत नाही म्हणजे दिसतच नाही."

ते शनिवारी सकाळच्या एसटीने आले. मी स्टॉपवर गेले होते. पंचावन्नच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. सोबत त्यांची बायको. भेटल्यापासूनच मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायला लागले. मला वाटलं होतं ती त्यांचा हात धरून चालेल. ती दोन पावलं पुढे चालत होती आणि मधूनमधून एकेक शब्द टाकत होती. "दगड." "उतार." "म्हैस." ते मागून त्या शब्दांवर चालत होते. माझ्याशी बोलतानाही त्यांचं पाऊल कुठे अडलं नाही.

शाळेत आल्यावर वहिनी व्हरांड्यात बसल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "नको बाई, हितं वारा हाय."

दादांनी आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळहात ठेवला. मान थोडी तिरकी करून टकटक ऐकली. मग म्हणाले, "मॅडम, ही अजून चालतेय हे नशीब समजा. आज कॉपी करून घेऊ."

त्यांच्या पिशवीत एक पेनड्राइव्ह होता. त्यावरून कॉम्प्युटर सुरू केला की तो बोलायला लागतो, स्क्रीनवर येईल ते वाचून दाखवतो. आधी त्यांनी शेजारच्या वर्गातल्या एका कॉम्प्युटरवर ते करून दाखवलं. कानावर जे आलं ते मला शब्द वाटेचनात. कुणी टेप पुढे पळवावी तशी चिवचिव होती. दादा शांतपणे ऐकत होते आणि बोटं चालवत होते. माउसला त्यांनी हात लावला नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी येत होत्या, आणि हा माणूस दिसणाऱ्यांपेक्षा वेगाने त्यांतून जात होता. सर आणि मी त्यांच्या मागे उभे राहून नुसते बघत होतो.

पण ऑफिसचा कॉम्प्युटर बोलेना. त्याचं स्पीकर जोडायचं भोकच गंजून गेलं होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क जोडायला वायर नव्हती. दादा म्हणाले, "मग तुम्ही वाचा. मी सांगतो ती बटणं दाबा."

मला बरंच वाटलं. मी एम.ए. आहे, इंग्रजी मला येतं.

नवी डिस्क आत बसवली. दादांनी समजावलं की कोऱ्या डिस्कवर आधी आखणी करावी लागते, कुठून कुठपर्यंत काय ठेवायचं ते. त्याला पार्टिशन म्हणतात. ते करायला एफडिस्क नावाची एक कमांड आहे. तिला एकेका अक्षराचा हुकूम द्यायचा. कॉम्प्युटर डिस्कना स्वतःच नावं देतो, पहिली 'एसडीए', दुसरी 'एसडीबी'.

"आपली नवी म्हणजे दुसरी, एसडीबी," ते म्हणाले. "कमांड घाला. आता जी दाबा, म्हणजे कोरी आखणी."

मी जी दाबलं. "झालं. नवीन काहीतरी तयार केलं म्हणतोय."

"एन. मग तीनदा एंटर."

मी एंटर मारत गेले. शेवटी एक प्रश्न आला, लांबलचक वाक्य होतं. "हो की नाही विचारतंय," मी सांगितलं. "हो देऊ?"

"द्या."

मी दिलं. "झालं दादा. सगळं बरोबर आहे. एरर काही नाही."

"आता डब्ल्यू दाबलं की..." असं म्हणून ते थांबले. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. "मॅडम, मघाशी प्रश्न काय विचारला होता?"

"ते काहीतरी काढून टाकायचं का, असं."

"काय काढून टाकायचं?"

मी वाक्य शोधायला लागले. खरं सांगायचं तर मी ते पुरतं वाचलंच नव्हतं.

दादा म्हणाले, "डब्ल्यूवरून हात काढा." आणि व्हरांड्याकडे तोंड करून हाक मारली, "अगो, जरा आत ये."

वहिनी आल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पदराने चष्मा पुसला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेलं. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि सुरू केलं.

"मोठा सी. ओ. एम. एम. ए. एन. डी. मोकळं. कंस. एम. मोकळं. एफ. ओ. आर."

त्या शब्द वाचत नव्हत्या. अक्षरं वाचत होत्या, आणि एकही गाळत नव्हत्या. दोन शब्दांमधली जागा म्हणजे मोकळं. तिरकी रेघ. टिंब. टिंबावर टिंब. आवाजात चढउतार नाही, घाई नाही. मला वाटलं होतं हे ऐकवणार नाही. पण दोनतीन ओळींत माझं लक्ष असं बांधलं गेलं, की बाहेर मुलं पाढे म्हणत होती ते ऐकू येईनासं झालं. दादा डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. अक्षरं त्यांच्याकडे जाऊन शब्द होत होती.

त्या प्रश्नाच्या ओळीवर आल्या. "सी. ओ. एन. टी. ए. आय. एन. एस. मोकळं. ए. मोकळं. ई. एक्स. टी. चार. मोकळं. एस. आय. जी..."

"बस," दादा म्हणाले. "त्याने विचारलंय, इथे आधीपासून एक खूण आहे, ती पुसू का. कोऱ्या डिस्कवर खूण कुठून येणार? मॅडम, पी दाबा, यादी येईल. गो, डिस्क कुठे लिहिलंय तिथून वाच."

वहिनींचं बोट खाली सरकलं. "मोठा डी. आय. एस. के. मोकळं. तिरकी रेघ. डी. ई. व्ही. तिरकी रेघ. एस. डी. बी. टिंबावर टिंब. मोकळं. एक. चार. नऊ. टिंब..."

"एकशे एकोणपन्नास," दादा हळू म्हणाले. "नवी पाचशेची आहे. ती इथे चारशे पासष्ट दिसायला हवी. एकशे एकोणपन्नास दिसते ती एकशे साठची. ही तुमची जुनी डिस्क आहे."

मी जी दाबलं होतं. हो म्हटलं होतं. पुसून टाक, असं मी माझ्या हाताने सांगितलं होतं. दोन मे महिने, ती सगळी नावं. सर दारात उभे होते.

"घाबरू नका," दादा म्हणाले. "आतापर्यंत आपण जे सांगितलं ते सगळं त्याच्या डोक्यात आहे. डिस्कवर अजून काही लिहिलेलं नाही. डब्ल्यू दाबलं की लिहितो. क्यू दाबलं की सगळं विसरून बाहेर पडतो. क्यू दाबा."

क्यू आणि डब्ल्यू शेजारी शेजारी असतात, हे तोपर्यंत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी दुसऱ्या हाताने बोट धरलं आणि क्यू दाबलं.

पुन्हा यादी काढली. वहिनींनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. जुनी डिस्क, तिची आखणी, सगळं होतं तिथे होतं. वायरी जोडताना नवी डिस्क पहिल्या जागी गेली होती आणि कॉम्प्युटरने तिलाच एसडीए म्हटलं होतं. मी जी दाबून जे पुसलं असं समजत होते, ते कुठे पुसलंच गेलं नव्हतं. रजिस्टर तसंच होतं. मी खुर्चीवर बसले. भीती गेली होती. देवळात गाभाऱ्यासमोर बोलणं आपोआप थांबतं, तसं काहीसं झालं.

"चूक माझी आहे," दादा म्हणाले. "आखणी करताना जुनीची वायर काढून ठेवायला सांगायला हवं होतं. आणि तुम्हाला वाचा म्हणालो, कसं वाचायचं ते सांगितलं नाही." मग त्यांनी ती वायर काढायला लावली. त्यानंतरचं सगळं वहिनींनी वाचलं आणि मी दाबलं. या वेळी आकडा चारशे पासष्ट आला. डब्ल्यू दाबायच्या आधी त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. आखणी झाली, जुनी डिस्क परत जोडली आणि कॉपी सुरू केली. जुनी टकटक करत होती, पण देत होती.

ती पुरी व्हायला दुपार उलटली असती. आम्ही ऑफिसातच डबे उघडले. मी वहिनींना विचारलं, "तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात?"

"इंग्रजी कुठलं बाई? चौथी झाली माझी, वाडीवरच्या शाळेत. एबीसीडी पोरीच्या पहिलीच्या पुस्तकात बघून शिकले."

"मग अर्थ?"

"अर्थ यांचा. मला कळत नाय, मग मी मधी कशाला काय घालू? हाय तसं सांगायचं."

दादा हसले आणि सांगायला लागले. त्यांची नजर जात चालली होती, तेव्हा नोकरी सुटणार हे दिसत होतं. बोलणारा कॉम्प्युटर असतो हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. ओळखीच्या कुणीतरी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं, या कमांडांचं. ते वहिनींनी त्यांना वाचून दाखवलं. अक्षर अक्षर. गुरं बांधून झाली, स्वयंपाक झाला की तासभर. दोन पावसाळे लागले.

"सगळं पुस्तक?" सरांनी विचारलं.

"शेवटची सूची सोडली," वहिनी म्हणाल्या. "त्यात नुसते आकडे होते."

दादांनी खिशातून मोबाइल काढला. "तेव्हा मी ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचो, पुन्हा ऐकायला. अजून आहे." त्यांनी बोटाने चाचपत काहीतरी लावलं.

आधी खरखर आली. मग एका तरुण बाईचा आवाज. "पी. ए. आर. टी. आय. टी..." मागे कुकरची शिट्टी झाली. एक लहान मुलगी रडत काहीतरी मागत होती. आवाज तेवढ्यापुरता थांबला, "थांब गो, बापूसला वाचून दाखवते," म्हणाला, आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे गेला. "आय. ओ. एन." कौलांवर पाऊस वाजत होता. गोठ्यात कुणीतरी हंबरलं. अक्षरं चालूच होती. अशा किती फायली आहेत, मी विचारलं. दादा म्हणाले, मोजल्या नाहीत.

सर जेवायचे थांबले होते. मी घास हातात धरून बसले होते. वहिनी मात्र अवघडल्या. "बंद करा ओ," म्हणाल्या. "काय त्यात ऐकायचं?"

दादांनी बंद केलं.

तीनच्या सुमाराला कॉपी पुरी झाली. मी मधलीच पाच-सहा पानं उघडून पाहिली, सगळी नीट होती. दादांनी जुनी डिस्क काढून कागदात गुंडाळायला सांगितली, वर तारीख घालायला लावली. सर त्यांना मोटारसायकलवरून स्टॉपपर्यंत सोडतो म्हणत होते, पण ते नको म्हणाले. वहिनींना महाडला उतरून सव गावी जायचं होतं, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, गुडघे शेकायला. मी फाटकापर्यंत गेले. वहिनी पुढे, ते मागे. वळणाशी त्यांना मोकाट गुरं आडवी आली. वहिनींनी काहीतरी म्हटलं, ते थांबले, गुरं गेली, मग दोघं पुढे गेले.

मी ऑफिसात परत आले. दाखल्यासाठी एक अर्ज पडून होता. मी पान उघडलं आणि अर्जावरचं नाव रजिस्टरमधल्या नावाशी ताडून पाहायला लागले. एक एक अक्षर.