माहेरची मगर

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मगरी दाखवायला संभाजीनगरच्या वन्यजीव केंद्रात नेलं होतं. हौदाकाठची मगर जबडा उघडा ठेवून अशी निश्चल पडलेली, की धाकटीनं ती प्लास्टिकची असल्याचं जाहीर करून टाकलं. लोक टाळ्या पिटत होते, शिट्ट्या मारत होते. शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो.

तेवढ्यात पन्नाशीची एक बाई, हरणं बघत बसलेल्या सासरच्या मंडळींना मागं सोडून, कठड्याशी आली. मगर दिसताच तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, कठड्यावर कोपरं टेकली आणि शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, “काय गं, बरी हायेस ना?”

मला हसू आलं. “ताई, ओळखीची दिसते!”

“व्हय, माझ्या माहेरची हाय. पैठणच्या धरणात धरली अन् इथं आणली. मीबी तिथलीच, इथं शहरात पुंडलिकनगरात दिलेली. हिच्यापुढं कशाला पदर?”

“पण एवढं धरण सोडून बिचारी हौदात!”

बाई खो खो हसली. “हौदातलं पाणीबी धरणातलंच की, दादा! साऱ्या शहराला तिथलंच येतं. हिला माहेरचं पाणी रोज. माझ्या नळाला आठ दिवसांनी, तेबी तासभर!”

मग धाकटीनंही कठड्यावर कोपरं टेकून विचारलं, “बरी आहेस ना?” मगर ढिम्म.

हरणांकडून सासरच्यांची हाक आली. बाई हसतच वळली आणि चार पावलं जाईपर्यंत तिचा पदर पुन्हा डोक्यावर गेलेला होता.