घरट्याकडे पाठ

हे मी लिहावं की नाही, ते अजून मला नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा अनुभव म्हणजे परीक्षेतली उत्तरं, तेवढाच. चुकलं तर माफ करावं. पण आमच्या निसर्ग मंडळाच्या काकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, कारण पक्षी दाखवायला माणसं गोळा करायची आणि मग त्यांना पक्ष्याकडे बघू द्यायचं नाही, असा माणूस अख्ख्या कोकणात दुसरा नसेल.

काका एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. मुरुडच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात जन्म गेला, त्यामुळे पक्षीही ते पुकारतच. "तुतवार येतोय, उजवीकडून, थांबा!" हे इतक्या मोठ्यांदा, की तुतवार आल्या वाटेनं परत जायचा. रविवारची फेरी उजाडताच सुटायची. कोणी आलं नाही तरी सुटायची, आणि हल्ली कोणी यायचंच नाही. उरलो होतो आम्ही तिघं. काका, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या फरीदाआपा आणि मी. काकांचे गुडघे, आपांचा दमा आणि माझी झोप, सगळं वाळूतून ओढत न्यायचं. माझे वडील विचारायचे, "पाखरं बघाया मुरुडला? आपल्या शेतात न्हाईत काय?"

उत्तर सुरूच्या बनात होतं. तिथल्या उंच झाडावर समुद्री गरुडांच्या जोडीचं घरटं आहे. मागच्या वर्षी कुणीतरी त्यावर ड्रोन उडवला आणि जोडी अंडी सोडून गेली. काका कित्येक दिवस धड जेवले नाहीत. यंदा जोडी परत आली, पिल्लू झालं, आणि काकांनी नियम काढला. घरट्याकडे बघायचं नाही! "आपण वर बघितलं की पर्यटक वर बघतात. पाठ करा!" मग आम्ही तिघं घरट्याकडे पाठ करून, समुद्राला दुर्बिणी लावून उभे. पाळीपाळीनं एकानं मागे बघायचं, तेही जांभई देत मान वळवल्यासारखं.

आपा वैतागायच्या. "काका, गरुड आहे की नवी नवरी? नजर लागते काय?"

"लागते, आपा. कॅमेऱ्याची लागते."

एकदा पुण्याचं एक कुटुंब शेजारी येऊन उभं राहिलं. "डॉल्फिन आहेत का हो?" काकांना खोटं बोलवेना. "अजून तरी नाहीत," ते म्हणाले. तेवढ्यावर बघता बघता गर्दी जमली. सगळे रिकाम्या समुद्राकडे डोळे लावून, आणि मागे मादी मासा घेऊन निवांत घरट्यावर उतरली. त्या दिवशी काकांनी आम्हा दोघांना चहा पाजला.

पिल्लू पंख झाडू लागलं, तेव्हाच काका ओल्या अंगणात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. लेक त्यांना पनवेलला न्यायला आली. गाडीत आडवे झालेले काका मला म्हणाले, "बाळा, ते उडेपर्यंत पाठ फिरवू नकोस." मग स्वतःच गडबडले. "म्हणजे, फिरवूनच राहा."

ऑपरेशन झालं, पण काका उठेनात. लेक फोनवर सांगायची, "बाबा कुणाशी बोलतच नाहीत. फक्त विचारतात, मुरुडचा फोन आला का?" इथे आपा आणि मी उभे राहून राहून थकलो होतो. एका सकाळी आपांनी जांभई दिली, मान वळवली आणि ती तशीच राहिली. घरटं रिकामं. मग आपांनी माझा दंड धरला. लांब खडकावर तपकिरी पिल्लू बसलं होतं, शेजारी आई.

लेकीनं फोन काकांच्या कानाला लावला.

"काका, उडालं."

काकांनी फोन लेकीच्या हातातून स्वतःकडे घेतला. मग म्हणाले, "उडताना कसं दिसलं रे?"

"नाही बघितलं, काका. आमची पाठ होती."

"आपांनी?"

"त्यांचीही."

"हं," काका म्हणाले. "म्हणजे माझ्या एकट्याचंच बघायचं राहिलं, असं नाही."