कपाटात ठेवलेले कान

"घरी कापूस लई हाय म्हणून कानातबी कोंबून आलीस का गं, पिंजाऱ्याची?"

मोठ्या गुरुजींनी हे माझ्या तोंडासमोर तोंड आणून विचारले, म्हणून मला शब्द दिसले. ऐकू आला तो फक्त वर्गाच्या हसण्याचा जाड, आकार नसलेला आवाज. मग डस्टर आले. लाकडाच्या बाजूने, भुवईवर. मूळ प्रश्न त्यांनी फळ्याकडे तोंड करून विचारला होता. मी उत्तर दिले नाही, हा माझा गुन्हा.

मी सातवीत होते. अहमदपूर तालुक्यातली सरकारी शाळा. वडील गाद्या भरायचे. गुरुजींच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या गाद्या आमच्याच हातच्या. चौथ्या वर्षी ताप आला आणि माझे कान घेऊन गेला. पूर्ण नाही. आज मी ते नेमके सांगू शकते: खालच्या पट्टीचे आवाज मला येत, वरच्या पट्टीचे येत नसत. माणूस बोलतो आहे हे कळे, काय बोलतो आहे हे कळत नसे. तेव्हा माझ्याकडे ही भाषा नव्हती. गुरुजींकडे एक शब्द होता. भैरी.

आणि माझे श्रवणयंत्र त्यांच्या कपाटात होते.

त्याच्या दीड वर्ष आधी तालुक्याला कान तपासणीचे शिबिर झाले होते. माझ्या कानात मऊ लगदा भरून साचा घेतला गेला. पुढच्या शिबिरात तो साचा लावलेले यंत्र पाहुण्यांच्या हस्ते मिळाले, फोटो निघाला. ते यंत्र माझ्या कानावर वीस मिनिटे होते. त्या वीस मिनिटांत मी माझ्याच चपलेखालची वाळू ऐकली. माझ्या नावातला 'स' ऐकला. तोवर मी तो फक्त लिहीत होते. शाळेत परतताच गुरुजींनी तळहात पुढे केला. "सरकारी वस्तू हाय, माझ्या सहीवर हाय. पोरं हरवतेत." लोखंडी कपाट. कुलूप.

पद्धत अशी होती: शाळा तपासणीच्या दिवशी सकाळी कपाट उघडायचे, शाळेतल्या आम्हा तिघा बहिऱ्या मुलांच्या कानांवर यंत्रे अडकवायची, साहेबांची गाडी गेली की काढून घ्यायची. पोळ्याला बैल सजवतात, तसे आम्हाला सजवले जाई.

सातवीतल्या त्या तपासणीला साचा कानात बसेना. माझा कान वाढला होता, साचा कपाटातच राहिला होता. गुरुजींनी तो अंगठ्याने दाबून बसवला. "साहेबानं इचारलं की हाव म्हणायचं. बास."

साहेब वाकले. "ऐकू येते का, बाळ?"

त्यांचे ओठ मी वाचले. यंत्र काढले, मागचे झाकण नखाने उघडले आणि त्यांच्यासमोर धरले. आत काही नव्हते.

"नाही. यात सेल नाही. हे कपाटात असते."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिले, मग घड्याळाकडे. चहा घेतला. गेले.

गाडी फाटकाबाहेर वळली आणि गुरुजींचा उघडा पंजा माझ्या डाव्या कानावर पडला. डावा त्यातल्या त्यात बरा होता. त्यांना ते ठाऊक होते. पंजा कानावर सपाट बसला की आतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. मी नंतर पदार्थविज्ञान शिकले, पण हा धडा तिथेच झाला. रक्त वेणीच्या रिबिनीपर्यंत आले. पुढे पू झाला. तो कान तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वडिलांना बोलावले. त्यांच्या मिशांवर कापसाचे तंतू होते. त्यांनी हात जोडले. "माफी करा गुरुजी, पोरगी नादान हाय."

"तुझी नको. तिची पायजे."

वडील माझ्याकडे वळले. माझ्याशी ते नेहमी ओठ सावकाश हलवत. "बोल, बेटा."

मी ओठ मिटले. वडिलांनी आयुष्यात एकदाच मला मारले, ते त्या खोलीत, गुरुजींना दिसावे म्हणून. मी तरीही बोलले नाही.

पुढे नांदेडला पदवी घेतली, मग विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण. आज उजव्या कानावर माझे स्वतःचे यंत्र आहे आणि मी जळकोट तालुक्यात कंत्राटी विशेष शिक्षिका आहे.

यंदा एका शाळेत सहावीतली रेणुका भेटली. शेरा होता: मतिमंद. मी तपासणी केली. मुलीची बुद्धी धारदार होती, कान गेलेले होते.

"नोंदीत यंत्र मिळालेले दिसते. कुठे आहे?"

"हाय ना मॅडम, एकदम सेफ हाय," मुख्याध्यापक म्हणाले. "कपाटात."

पहिल्या भेटीत चावी लातूरला गेली होती. दुसऱ्या भेटीत चावीवाले गुरुजी रजेवर. तिसऱ्या भेटीत, "लई घाई करून राहिल्या तुमी." चौथ्या भेटीत रेणुकाचा कान निळा होता. कशाने, असे मी खुणेने विचारले. तिने उघडा पंजा दाखवला.

व्हरांड्यात घंटा वाजवायचा लोखंडी दांडा होता. तो मी उचलला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटले. आत सात यंत्रे, डबीबंद. सेलवरची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढलेली नव्हती. रेणुकाचा साचा तिच्या कानाला लावून पाहिला. लहान झाला होता.

मुख्याध्यापकांनी माझे मनगट धरले. "सरकारी कपाट फोडलं तुमी! नोकरी गेली समजा."

"हात काढा." दांडा माझ्या डोक्याच्या वर होता. त्यांनी हात काढला. काढला नसता तर मी मारले असते. हे मी लपवणार नाही.

आता नोटीस आली आहे: शासकीय मालमत्तेचे नुकसान. कार्यालयातले साहेब समजुतीने बोलले. "दोन ओळी माफीच्या लिहा मॅडम, मिटवून टाकू. करार अकरा महिन्याचा हाय तुमचा, इचार करा."

विचार मी सातवीतच केला होता. उत्तर आज दिले आहे:

"कुलूप मी तोडले. सातही मुलांच्या कानांचे नवे माप घेऊन साचे बदलले आहेत आणि यंत्रे त्यांच्या घरी दिली आहेत. ती परत हवी असतील, तर मुलांच्या कानांवरून, माझ्यासमोर काढावी लागतील. माफी मागणार नाही. तालुक्यातल्या उरलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी कपाटे स्वतः उघडावीत. मी येते आहे."

खाली सही केली. दांडा मी शाळेला परत केलेला नाही.