षष्ठीचं पाणी

तुमच्या भल्यासाठी कुणी योजना आखली, तेव्हा तुम्ही घरी कधी असता, एवढं तरी तुम्हाला विचारलं होतं का?

मी एकदा लोकांना तसं विचारलं नव्हतं. आणि मी तर पत्रकांवर वाढलेला! घाटकोपरच्या आमच्या खोलीत वडील गिरणीतून संपाची पत्रकं आणायचे, मी ती पाठ करायचो. ‘जनतेला विचारा’ हे तर वहीच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं.

गिरणी बंद पडली आणि मी दुभाष्याचं काम धरलं. परदेशी मदतीतून माहुलच्या कोळ्यांना होडीचं इंजिन दुरुस्त करायला शिकवणार होते. परदेशी मदत म्हणजे साम्राज्यवादाची गोड गोळी, असं मीच एका पत्रकात ठणकावलं होतं. तरी गेलो, कारण आमच्या गल्लीत मासे विकणारी माहुलची मावशी. इंजिन बंद पडून तिची दोन्ही मुलं दोन दिवस समुद्रात वाहत गेली होती. ती म्हणाली, “तुजं साम्राज्य का काय ते ऱ्हाऊ दे. माज्या पोरांना इंजिन खोलाया शिकव.”

अट एकच होती. पहिल्या दिवशी होडीवर प्रात्यक्षिक, मग नावनोंदणी. वीस नावं झाली नाहीत, तर वर्ग दुसऱ्या बंदरात जाणार. मी झकास पत्रक काढलं: ‘दर्यावर्दी बांधवांनो, सकाळी साडेदहा वाजता बहुसंख्येने उपस्थित राहा!’ गावभर वाटलं. मावशीला वाचता येत नव्हतं, तिच्या टोपलीवर चिकटवलं.

साडेदहाला धक्क्यावर आम्ही तिघं. मी, सरकारी साहेब आणि थंड देशातून आलेला पिकल्या मिशांचा तज्ज्ञ. समोर खाडीभर चिखल आणि त्यात कलंडलेली आमच्या प्रात्यक्षिकाची होडी. माणूस एकही नाही. तज्ज्ञ उत्साहानं होडीकडे निघाला आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “यांना शिकायचंच नाही रे. त्याला सांग, अहवालात लिही, प्रतिसाद नाही.”

हे वाक्य तज्ज्ञाच्या भाषेत गेलं की वर्ग गेला.

तेवढ्यात मावशी टोपली घेऊन आली आणि चिखलातला पाहुणा बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“मावशी, लोक कुठं गेले?”

“सुकतीबरोबर बाहेर गेले, भरतीबरोबर येतील. पाणी नाय तर होडी काय खांद्यावर आणतील?” तिनं बोटांची पेरं मोजली. “आज षष्ठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पाणी भरल. तू एवढा शिकलेला, तिथी बघितली नाय?”

“मला वाटलं, तारीख पुरते.”

“दर्याला तारीख कोण सांगतंय, मेल्या!”

साहेबांचं वाक्य मी गिळलं आणि मावशीचं शब्दन् शब्द भाषांतर केलं. ‘मेल्या’सकट. हात देऊन वर ओढलेला तज्ज्ञ बुटातला चिखल झटकत मनापासून हसला. म्हणाला, आमच्याही गावात भरती पाहूनच लग्नं लागतात, मीच विसरलो. तो थांबला. साहेब जीपमधून निघून गेले.

साडेचारला पाणी आलं. पाण्याबरोबर होड्या, होड्यांबरोबर सगळा गाव. कलंडलेली होडी आपणहून उभी राहिली आणि तिच्यावर प्रात्यक्षिक झालं. नावं लिहिता लिहिता माझं पेन संपलं. पहिली दोन नावं मावशीच्या मुलांची. पुढच्या प्रत्येक पत्रकात मी तारखेआधी तिथी छापली.

गोड गोळीबद्दलचं माझं मत आजही पूर्ण बदललेलं नाही. पण त्या दिवशी वर्ग घालवायला परदेशी पैसा लागला नसता, माझं एक पत्रक पुरलं असतं.

म्हणून मागणं एवढंच. तुमच्या टेबलावर अशा एखाद्या योजनेचा कागद असेल, तर सही करण्याआधी उठा. ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांच्या दारात जा आणि विचारा: तुमच्याकडे पाणी कधी येतं?