आजींनी न घेतलेलं नाव

इतकी वर्षं झाली, पण ती घटना मनातून जात नाही. नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली. पण प्रेत दिसेल या भीतीनं विहिरीत डोकावायला मी कचरलो तो फक्त त्या दिवशी.

दुष्काळाचं वर्ष होतं. आपलं शहर बिडकीनच्या दिशेनं पसरत निघालं होतं. शेतांत प्लॉटिंगचे दगड रोवले जात होते आणि त्याच शेतांतल्या विहिरींनी तळ गाठला होता. मी तेव्हा शहरात पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी उस्मानपुऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात आल्या. त्या लग्नाला बाहेरगावी गेल्या असताना त्यांचं घर फोडलं होतं.

"काय काय गेलं?" ठाणे अंमलदारानं विचारलं.

"एक कॅसेट."

अंमलदारानं पेन खाली ठेवलं. मी बाईंना आत बोलावलं. टीव्ही जागेवर, कपाटाला हात नाही आणि कॅसेटींच्या ढिगातून नेमकी एक गायब. असा चोर भुरटा नसतो.

निवृत्त झाल्यापासून बाईंनी एक वेड घेतलं होतं. गावोगाव जाऊन त्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायच्या आणि ते टेप करायच्या. निजामाच्या काळातली शाळा, बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी खाऊन काढलेले दिवस, सगळं. जुने कागद, फोटो जमवायच्या आणि त्यातून शाळेतल्या मुलांसाठी आपल्या भागाच्या इतिहासाच्या पुस्तिका काढायच्या.

गेलेली कॅसेट बिडकीनजवळच्या एका गावातल्या आजींची होती. बहात्तर साली त्या गावात भावकीच्या एका सामाईक विहिरीलाच काय ते पाणी उरलं होतं. भावकीनं ती आपल्यापुरती राखली. आजींच्या यजमानांना ते पटलं नाही. ते सगळ्या गावाला तिथं पोहरा सोडू देत. एक दिवस ते त्याच विहिरीत मेलेले सापडले. पाय घसरला असं सगळ्यांनी सांगितलं, अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि प्रकरण मिटलं. आजींनी टेपवर सांगितलं होतं की पाय घसरला नव्हता. ढकलणारा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"कोण होता?" मी विचारलं.

"'ते माझे थोरले लागत होते' एवढंच म्हणाल्या. नाव नाही घेतलं. मीही विचारलं नाही." बाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला होता. "साहेब, माझं जाऊ द्या. त्या मावशी तिथं एकट्या राहतात."

भावकीत आजींना थोरले लागणारे चार दीर होते. चौघेही आता हयात नव्हते, पण त्यांची चार घरं गावात नांदत होती. मी ग्रामीणच्या ठाण्याला कळवलं. दुपारी माझ्या ओळखीच्या एका टँकर ड्रायव्हरचा फोन आला.

"सायेब, टँकर आला तशी समदी वस्ती पळत आली. म्हातारी तेवढी नाय आली. काल तिच्या दारात कुनीतरी भोक पाडलेलं मडकं ठिवलं व्हतं."

भोक पाडलेलं मडकं कुठं लागतं हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. आणि दुष्काळात टँकर चुकवणारा माणूस एक तर गावात नसतो, नाही तर जगात नसतो. बाईंना जीपमध्ये घेतलं आणि निघालो.

आजींच्या दाराला बाहेरून कडी होती. चूल थंड, हंडा कोरडा, चपला मात्र दारातच. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "आमाला काय बी ठाव नाय," आणि तिनं भर उन्हाळ्यात दार लावून घेतलं. सगळ्या आळीचं तेच. पोलिसांना घाबरणारं गाव मला ओळखता येतं. हे गाव आम्हाला घाबरत नव्हतं.

मग ती सामाईक विहीर. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. तळाशी गाळात काहीतरी पांढरं पडलं होतं. मी हवालदाराला दोर बांधून उतरवलं. तो खाली पोचला आणि त्याचा आवाज आला, "खताची गोणी आहे, साहेब!" बाई मटकन खालीच बसल्या.

पंचांसमक्ष घराची झडती घेतली, तेव्हा ज्वारीच्या रिकाम्या डब्यात त्याच कॅसेटची दुसरी प्रत मिळाली. ही बाईंची पद्धत होती. जो बोलला त्याला त्याची प्रत द्यायची. "बोलणं त्यांचं, मी नुसती राखणदार," असं त्या म्हणायच्या. प्रत मी खिशात घातली आणि त्याबद्दल गप्प राहिलो.

चारही घरांतला एकेक कर्ता पुरुष ग्रामपंचायतीत वेगवेगळा बोलावला. सगळ्यांना एवढंच सांगितलं की आजी बेपत्ता आहेत आणि त्यांच्या बोलण्याची एक कॅसेट चोरीला गेली आहे. कॅसेटमध्ये काय आहे ते सांगितलं नाही. दोघांनी नुसती मान हलवली. तिसरा पांढऱ्या कपड्यांतला, प्लॉटिंगचा धंदा करणारा. मऊ बोलणारा. येताना आमच्यासाठी गार पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. अति आदर केला की मला खाज सुटते.

"काकूचं डोकं ठिकानावर नाय, सायेब," तो म्हणाला. "मेलेल्या मानसाचं नाव घिऊन काय मिळनार? आमच्या बापानं त्या दुष्काळात गावाला पानी पाजलंय."

"तुमच्या वडिलांचं नाव घेतलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यानं मानेवरचा घाम पुसला. मी बाईंनी सोबत आणलेला टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि प्रत लावली. आजींचा आवाज खोलीत आला. प्रत्येक वाक्याला तो आता नाव येणार म्हणून आकसायचा. नाव आलं नाही. कॅसेट संपली तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नाव... घेतलंच नाय?"

घेणार कशी? जिनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, थोरल्या दिराची सावली दिसली तरी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, ती बाई त्याचं नाव घेईल? त्याच घरात वाढलेल्या पुरुषाला हे सुचलं नव्हतं. बायका आपल्याला कशी हाक मारतात हे पुरुषांनी कधी ऐकलेलं असतं?

"तुझ्याकडची कॅसेट ऐकली नाहीस?"

"जाळली. ऐकायची छाती नाय झाली."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. आजी टेपवर विहिरीचं बोलल्या हे त्याच्या कानावर आलं होतं. गावातल्या शाळेच्या नव्या इमारतीला त्याच्या बापाचं नाव लागणार होतं, आणि त्याच शाळेत बाईंची पुस्तिका वाटली जाणार होती. मडकं त्यानंच ठेवलं. आजी तरी गप्प बसायला तयार होईनात, म्हणून त्यांना शेतातल्या मोटारीच्या खोलीत कोंडलं. पत्र्याची खोली, त्या उन्हात, पाण्यावाचून.

आम्ही धावत सुटलो. कुलूप तोडलं. आजी कोपऱ्यात होत्या, जिवंत. दार उघडताच त्यांनी वार चुकवावा तसे दोन्ही हात डोक्यावर घेतले. आम्ही दिलेलं पाणी घेईनात. बाईंनी आधी स्वतः घोट घेतला, तेव्हा कुठं त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

जबाब सरकारी दवाखान्यात घेतला. मी म्हणालो, "आजी, ढकलणाऱ्याच्या नावाशिवाय जबाब पुरा होत नाही."

त्या म्हणाल्या, "भ्या तर वाटतंच, सायेब. पर जिभंलाच वळन नाय." मग पदर सावरून उठून बसल्या. "आदी आमच्या ह्यांचं घेते."

आणि त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. नाव, बापाचं नाव, आडनाव. मग दुसरं नाव घेतलं. आवाज स्वच्छ होता. हवालदाराचं लिहिणं थांबलं होतं, त्याला मी खुणेनं भानावर आणलं.

ढकलणारा केव्हाच मेला होता, त्याच्यावर खटला होणार नव्हता. पुतण्याला घरफोडी आणि डांबून ठेवल्याबद्दल शिक्षा झाली. शाळेला बापाचं नाव लागलं नाही. त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. आमच्या दप्तरात वर्षानुवर्षं 'पाय घसरून मृत्यू' असंच पडून होतं, सहीशिक्क्यासकट. त्यानंतर जबाब घेताना माणूस काय सांगतो याइतकंच तो कुठं थांबतो याकडे मी लक्ष देऊ लागलो.

दवाखान्यातून निघताना बाईंनी आजींना विचारलं, "मावशी, पुस्तिकेत ही दोन्ही नावं छापू ना?"

"ह्यांचं छाप. पानी कुनी पाजलं ते पोरांना ठाव पायजे. त्यांचं नगं."

"का हो? आता कसली भीती?"

"भ्या नाय, बाई," आजी म्हणाल्या. "त्यांची पतवंडं त्याच शाळंत जात्यात."