बाभळीखालची मिल्काबाई

नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर शलोम झिराडकर हिब्रूत कविता करतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि त्यातलं अक्षर कुणाला कळत नव्हतं. निजाम गेला, मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी लोक त्यांना कधी मुसलमान धरायचे, कधी किरिस्ताव. आपण बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, हे सांगून सांगून ते थकले होते. बापाच्या नोकरीपायी घर कोकणातून इथं आलेलं. हिब्रू मामानं प्रार्थनेपुरती शिकवली होती. ह्या बाबानं तिच्यात ज्वारी पेरली.

घरात मायलेक दोघंच. आई मिल्काबाई गेली, तेव्हा मयताची प्रार्थना अडली. त्यांच्यात तिला धर्माचे दहा पुरुष लागतात, आणि नळदुर्गात झिराडकर एकटे. दफनभूमीही नव्हती. बलभीम नावाच्या दोस्तानं बोरी नदीकाठच्या आपल्या रानात बाभळीखाली जागा दिली, खड्डाही स्वतःच खांदला. दहा माणसं नाहीत म्हणून माझी आई प्रार्थनेवाचून जाते, हा कसला न्याय? झिराडकरांनी तो सगळा संताप कवितेत ओतला. त्यात बोरी होती, बाभूळ होती, आईच्या आवडीचा हुरडा होता, आणि नावानिशी बलभीम होता.

त्यांच्याच समाजातल्या, मुंबईच्या रूबेनसाहेबांनी ती कविता मागवून घेऊन इस्राएलातल्या एका मासिकाला पाठवली. वर्षानं छापील अंक घेऊन ते स्वतःच आले. असल्या कवीची जागा तिकडे आहे, जहाजाचं मी बघतो, म्हणाले. जन्मात पहिल्यांदा आपली ओळ कुणीतरी वाचली होती. झिराडकरांनी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. ओसरीवर बसलेला बलभीम म्हणाला, आधी मराठीत सांगा तरी काय छापलंय.

झिराडकर वाचू लागले आणि त्यांचं डोकं सणकलं. बोरीची तिकडची यार्देन नदी झाली होती. बाभळीचं जैतुनाचं झाड, हुरड्याची द्राक्षं. आणि मिल्काबाईला मूठमाती द्यायला दहा धर्मबंधू रांगेनं उभे होते.

रूबेनसाहेब समजुतीनं म्हणाले, तिकडच्या वाचकाला बाभूळ काय कळणार, मी जरा शोभा आणली एवढंच.

"शोभा?" झिराडकरांचा आवाज फाटला. "साहेब, तुमी माझ्या आईला मातीतनं उकरून दुसरीकडं नेऊन पुरलं. हे धा जण त्या दिवशी कुठं व्हते? हितं एकटा बलभीम व्हता. त्यालाच खोडलं!"

साहेब दुपारच्या एस.टी.नं सोलापूरला गेले. अंक ओसरीवरच राहिला. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली.

दिवस कलता दोघं रानात गेले. झिराडकरांनी आपली कविता, जशी लिहिली तशी, बाभळीखाली उभं राहून म्हटली. म्हटली कसली, कुणाशी तरी भांडावं तशी ओरडून काढली. बलभीम टोपी काढून ऐकत होता. शब्द कळत नव्हता. मधेच त्याचं नाव आलं.

"हाय," बलभीम म्हणाला, "म्या हितंच हाय."